लाल धूळ आणि हिमयुग

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. या दोन्हींच्या मध्ये मला उभे केले आहे, म्हणजे मला वेळ पाळावीच लागेल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘हिमयुग आणि समुद्र’ असे सांगितले. ते म्हणाले, “अहो, वास्कोत घामाच्या धारा लागल्यात आणि तुम्ही बर्फावर काय बोलणार?” मी म्हटले, बोलतो, कारण हा विषय पुस्तकातून नव्हे, आमच्या घरातल्या एका वादातून निघाला आहे.

आधी एक खुलासा. मी शास्त्रज्ञ नाही. स्थापत्य शाखेची पदविका घेतली आणि राज्य सरकारच्या पाण्याच्या खात्यात लागलो. धरण, कालवे, पाण्याची पातळी आणि गाळ यांत नोकरीची वीस-बावीस वर्षे गेली. वाचायची आवड आहे, आणि समजले नाही तर विचारायची लाज नाही. एवढ्या भांडवलावर बोलतो आहे.

आता तो वाद. आमचे वडील चंदगड भागातून बंदरावर कामाला आले आणि इथलेच झाले. थोरला भाऊ खनिज वाहणाऱ्या बार्जवर लागला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच कथा आहे. मांडवी आणि जुवारीतून लोहखनिज भरलेल्या बार्ज मुरगाव बंदरात यायच्या आणि तिथून माल परदेशी जहाजांवर चढायचा. दादा घरी आला की आई आधी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत टाकायची. पाणी कुंकवासारखे लाल व्हायचे. २०१२ साली खाणी थांबल्या. बार्ज नदीकाठी बांधून ठेवल्या गेल्या आणि दादा घरी बसला.

एका रविवारी दूरदर्शनवर हवामानबदलाचा कार्यक्रम चालू होता. त्यात कोणीतरी सांगितले की समुद्रात लोह टाकले तर शेवाळासारख्या वनस्पती वाढतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. दादा उठून बसला. म्हणाला, “अरे, तू पाण्याच्या खात्यात आहेस ना? मग वर लिही. आपल्याकडे लोखंडाच्या मातीचे डोंगर पडून आहेत. ती समुद्रात टाका. हवा थंड होईल, बार्ज चालतील, पोरांना काम मिळेल.”

मी हसलो. त्याला राग आला. “हसू नकोस, का नाही होणार ते सांग,” म्हणाला. आणि मला सांगता येईना. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी हिमयुगात जाऊन पोहोचलो. ते उत्तर आज तुमच्यासमोर मांडतो.

गेल्या काही लाख वर्षांत पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली. साधारण एक लाख वर्षांचे एक आवर्तन. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल हळूहळू बदलतो, त्यामुळे उत्तरेकडच्या उन्हाळ्यात पडणारे ऊन कमी-जास्त होते, आणि तिथून या चक्राला सुरुवात होते. शेवटचे हिमयुग साधारण २१,००० वर्षांपूर्वी ऐन भरात होते. कॅनडा आणि उत्तर युरोप बर्फाखाली होते आणि काही ठिकाणी तो थर तीन किलोमीटर जाड होता. एवढे पाणी जमिनीवर बर्फ होऊन बसल्यावर समुद्र खाली जाणारच. जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आपण जिथे बोगमाळोला पाय भिजवतो, तिथून समुद्र गाठायला तेव्हा पश्चिमेकडे कित्येक किलोमीटर चालावे लागले असते.

हे सगळे कळले कसे? पुष्कळसे बर्फातूनच. अंटार्क्टिकावर पडलेला हिम वितळत नाही, थरावर थर बसतो. बसताना त्यात त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकतात आणि धूळही अडकते. रशियाच्या व्होस्तोक तळावर ३,६२३ मीटर खोल छिद्र पाडून बर्फाचा गाभा काढला. त्यातून ४ लाख २० हजार वर्षांच्या हवेची नोंद मिळाली आणि ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. पुढे युरोपीय शास्त्रज्ञांनी डोम सी या ठिकाणी ८ लाख वर्षांपर्यंत मजल मारली.

हे फार दूरचे वाटते, पण वास्कोकरांनी तसे वाटून घेऊ नये. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचली. आपल्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारतीय मोहिमांनी आणलेले बर्फाचे गाभे तिथे उणे २० अंशांच्या खोलीत ठेवलेले आहेत. आपण सड्यावर घाम पुसत चढतो, आणि त्याच टेकडीवर अंटार्क्टिकाचा जुना बर्फ आहे.

त्या बुडबुड्यांनी जे सांगितले ते असे. दोन हिमयुगांमधल्या उबदार काळात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग असत. हिमयुग भरात आले की ते १८०-१९० पर्यंत उतरत. हे एकदा नव्हे, दर आवर्तनात होत आले. बर्फ वाढला की कार्बन उतरला, आणि कार्बन उतरला की थंडी आणखी वाढून बर्फालाच मदत झाली.

मग हवेतून गेलेला हा कार्बन कुठे गेला? जमेचा हिशेब मांडू. जंगलात गेला म्हणावे, तर हिमयुगात जंगले कमी झाली होती. काही बर्फाखाली गेली, काही कोरड्या हवेने आटली. म्हणजे हवेच्या खात्यातून कार्बन गेला आणि जमिनीच्या खात्यातूनही गेला. उरले एकच मोठे खाते, ते म्हणजे समुद्र. आजही हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या चाळीसहून अधिक पट समुद्रात आहे. त्याने थोडा हात पुढे केला तरी हवेत मोठा फरक पडतो.

पण समुद्राने तो घेतला कसा? पहिले उत्तर सोपे आहे. थंड पाण्यात वायू जास्त मुरतो. सोड्याची बाटली गार असेल तर फसफस कमी, गरम असेल तर झाकण उडते. हिमयुगात समुद्र थंड होता, त्यामुळे त्याने जास्त वायू धरला. पण गोडे पाणी बर्फात अडकल्याने समुद्र जास्त खारट झाला होता, आणि खारट पाण्यात वायू कमी मुरतो. दोन्हींची वजाबाकी केली, त्यात जमिनीवरून आलेल्या कार्बनचा बोजा धरला, की या कारणाने हिशेब जुळत नाही.

दुसरे उत्तर समुद्रातल्या जिवांचे आहे. समुद्राच्या वरच्या थरात, जिथवर ऊन पोहोचते तिथवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. बांगडा असो की तारली, सगळ्यांची शिधासामग्री शेवटी यांच्यापासून येते. या वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात. बहुतेक खाल्ल्या जातात आणि तो कार्बन लगेच पाण्यात आणि हवेत परत येतो. पण थोडा भाग मेलेल्या पेशी, विष्ठा, गुठळ्या या रूपात तळाकडे बुडतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर वरचा थर हे चालू खाते आणि खोल समुद्र ही मुदत ठेव. खोल पाणी पुन्हा वर यायला शेकडो ते हजार वर्षे लागतात, तोवर तो कार्बन हवेला मिळत नाही.

आता अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात एक कोडे होते. तिथल्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, म्हणजे खत भरपूर, पण पीक कमी. शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, कसले तरी सूक्ष्म द्रव्य कमी पडतंय. तेच होते. कमी पडत होते लोह. लोह प्राणवायू असलेल्या समुद्राच्या पाण्यात फार विरघळत नाही, गंजासारखे होऊन खाली जाते. किनाऱ्याजवळ नद्या ते आणून घालतात. दक्षिण महासागर जमिनीपासून लांब, आणि शेजारचे अंटार्क्टिका बर्फाने झाकलेले. तिथे लोह येणार कुठून?

हे सिद्ध करायला कॅलिफोर्नियातले जॉन मार्टिन नावाचे शास्त्रज्ञ झटले. अडचण मजेशीर होती. समुद्रातले लोह मोजायला जायचे ते लोखंडी जहाजातून, नमुना काढायचा तो लोखंडी तारेला बाटली बांधून. त्यामुळे आधीच्या मोजमापांत जहाजाचेच लोखंड शिरत होते. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमालीची स्वच्छता पाळून मोजले, तेव्हा कळले की खरे प्रमाण आधीच्या आकड्यांपेक्षा फारच कमी आहे. १९८८ साली एका भाषणात त्यांनी गमतीने म्हटले होते की अर्धे टँकर लोह द्या, मी हिमयुग आणून दाखवतो. १९९० साली त्यांनी हिमयुगातल्या कार्बनचा संबंध लोहाशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. १९९३ साली ते वारले, आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी पॅसिफिक महासागरात गॅलापागोस बेटांजवळ त्यांच्या कल्पनेची पहिली खुली चाचणी झाली. लोह टाकल्यावर वनस्पती खरोखरच वाढल्या.

पण हिमयुगात ते लोह टाकले कोणी? याचे उत्तरही बर्फातच आहे. डोम सीच्या गाभ्यात हिमयुगाच्या थरांमध्ये धूळ सुमारे २५ पट जास्त आहे. ही धूळ मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या निमुळत्या टोकाकडच्या पॅटागोनियातून आली. हिमनदी हे मोठे जाते आहे. ती सरकताना खालचा खडक दळत जाते आणि पिठासारखा बारीक गाळ तयार करते. हवा कोरडी, झाडोरा कमी, वारे जोराचे. हिमनदीच्या पुढच्या मोकळ्या माळावर पसरलेले ते पीठ वारा उचलायचा आणि दक्षिण महासागरावर नेऊन टाकायचा. त्यात लोह होते. बर्फाने दळले, वाऱ्याने पेरले आणि समुद्रात पीक आले, असे म्हणायला हरकत नाही.

इथे मला माझे काम आठवले. अभ्यासकांच्या लक्षात आले की हिमनदी थोडी मागे हटली की अंटार्क्टिकावर पडणारी धूळ एकदम घटते, हळूहळू नव्हे. असे का? हिमनदी पूर्ण पुढे असे तेव्हा तिचा गाळ उघड्या माळावर पडे. ती मागे हटली की तिच्या तोंडापुढे खोलगट जागेत सरोवर साचे आणि सगळा गाळ सरोवराच्या तळाशी बसे. वाऱ्याला उचलायला काही उरत नसे. गाळ धरणाच्या जलाशयात कसा अडकतो आणि खालच्या नदीला कसा मिळत नाही, हे मी नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. पॅटागोनियातल्या त्या सरोवरांनी गाळ अडवला आणि हजारो किलोमीटर दूरच्या समुद्राचे खत बंद झाले. निसर्गात एक झाकण कुठे बसले की दुसरीकडे काय थांबेल, सांगता येत नाही.

धूळ पडली म्हणून पीक आलेच, हे कशावरून? २०१४ साली याचा चांगला पुरावा मिळाला. आफ्रिकेच्या दक्षिणेला समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळात सूक्ष्म जिवांचे शिंपले असतात, आणि त्या शिंपल्यांत त्या काळचा नायट्रोजन अडकलेला असतो. नायट्रोजन हलका आणि भारी असा दोन प्रकारचा असतो. वनस्पती आधी हलका उचलतात. खत संपत आले की भारी नायट्रोजनही खाल्ला जातो. जिथे धूळ जास्त, त्याच थरांत भारी नायट्रोजनही जास्त सापडला. म्हणजे लोह मिळाल्यावर तिथल्या वनस्पतींनी एरवी वाया जाणारे खत खरोखरच संपवले होते.

तरीही एवढ्यावर हिशेब संपत नाही, आणि दादाला मला हेच सांगायचे होते. अभ्यासकांच्या अंदाजाने या धुळीने कार्बन फार तर चाळीसेक भागांनी उतरला. उतरला होता तो नव्वद-शंभरने. उरलेल्याचे कारण अंटार्क्टिकाच्या अगदी जवळच्या पट्ट्यात आहे. तिथे हिमयुगात पीक वाढले नाही, उलट घटले, कारण समुद्रावरच बर्फ पसरला. पण एरवी तिथे खोल पाणी वर येते आणि साठवलेला कार्बन हवेत सोडते. हिमयुगात वरच्या थराचे खालच्या पाण्याशी मिसळणे मंदावले, वर बर्फाचे झाकण आले, आणि ती गळती कमी झाली. म्हणजे एका पट्ट्यात ठेव वाढली आणि दुसऱ्या पट्ट्यात ठेव मोडणे थांबले. दोन्ही एकत्र, हजारो वर्षे.

आणि सगळ्या समुद्रांना सारखाच लाभ झाला असेही नाही. आपल्या अरबी समुद्राचे उदाहरण घ्या. तो पिकतो तो मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर. ते वारे वरचे पाणी ढकलतात आणि खालचे गार, खतयुक्त पाणी वर येते. जून-जुलैची मासेमारी बंदी उठल्यावर जाळ्यात जे येते, त्यामागे हेच पाणी आहे. हिमयुगात आशियाची जमीन थंड पडली, मोसमी वारे मंदावले, आणि ओमानच्या बाजूच्या समुद्रतळातला गाळ सांगतो की तिथले पीक घटले होते. दक्षिण महासागराच्या एका पट्ट्यात सुगी होती तेव्हा आपल्याकडे दुष्काळ होता.

आता आजच्या काळात येऊ. मार्टिनची कल्पना ऐकून अनेकांना दादासारखेच वाटले. २००९ साली आपल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने मिळून दक्षिण महासागरात प्रयोग केला. त्याचे नाव होते ‘लोहाफेक्स’. त्यातला ‘लोहा’ हा आपलाच शब्द. प्रमुख होते डॉ. वजीह नक्वी आणि डॉ. व्हिक्टर स्मेटाचेक. ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज जानेवारीत केप टाउनहून निघाले. पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला, जर्मन सरकारने काम थांबवून पुन्हा तपासणी केली आणि मग परवानगी दिली. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या भोवऱ्यात लोहाचे क्षार सोडले आणि पाच आठवड्यांहून अधिक काळ लक्ष ठेवले.

काय झाले? वनस्पती वाढल्या. पण ज्या जातीच्या वाढायला हव्या होत्या त्या वाढल्या नाहीत. डायटम नावाच्या वनस्पतींना काचेसारखे कवच असते, त्या सहजासहजी खाल्ल्या जात नाहीत आणि जड असल्याने बुडतात. त्यांना कवचासाठी सिलिका लागते आणि तिथल्या पाण्यातली सिलिका आधीच संपलेली होती. म्हणून मऊ, बिनकवचाच्या वनस्पती वाढल्या. कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या बारीक जिवांनी त्यांच्यावर ताव मारला. त्या जिवांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्ले. जेवणावळ झाली, पण तळाशी फारच थोडे गेले. चालू खाते हलले, मुदत ठेव पडली नाही.

मला हा प्रयोग फसला असे वाटत नाही. उत्तर ‘नाही’ आले तरी ते उत्तरच असते, आणि ते आपल्या घरापासून अर्ध्या तासावरच्या संस्थेने मिळवले याचा अभिमान आहे.

तेव्हा दादा, तू पहिल्या रांगेत बसला आहेस, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. आपल्या डोंगरातली लाल माती म्हणजे पाण्यात सहज न विरघळणारे खनिज आहे. ते बुडेल, पीक वाढवणार नाही. दुसरे, आपल्या समुद्रात वाळवंटांतली धूळ तशीही येते, आणि अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत प्राणवायू आधीच जगात सर्वांत कमी असलेल्या ठिकाणांपैकी आहे. पावसाळ्याच्या शेवटी ते पाणी गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येते. वर पीक आणखी वाढवले तर खाली कुजणे वाढेल आणि प्राणवायू आणखी घटेल. फटका मच्छीमाराला बसेल. म्हणजे बार्जवाल्याचे पोट भरायला आपण होडीवाल्याचे काढून घेऊ. तिसरे, हिमयुगात जे झाले ते धूळ, बर्फाचे झाकण आणि मंद झालेले पाणी यांनी मिळून हजारो वर्षांत केले. त्यातले एक पाते उचलून आपण यंत्र चालवू शकत नाही.

आणि आकडा पाहा. हिमयुग संपताना हवेतला कार्बन डायऑक्साइड १९० वरून २७०च्या आसपास चढला, त्याला साधारण सात हजार वर्षे लागली. कारखानदारीच्या आधी तो २८० होता. आज तो ४२०च्या पुढे आहे. म्हणजे निसर्गाने हजारो वर्षांत केलेल्या बदलाहून मोठा बदल आपण दोनशे वर्षांच्या आत केला. आपण सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र आजही मुकाट्याने घेतो आहे. त्याच्यावर आणखी भार टाकण्याआधी विचार करावा.

यापुढे समुद्रात काहीतरी टाकून कार्बन घटवण्याच्या योजना ऐकू येतील, त्यांच्या जाहिरातीही येतील. काही अभ्यास प्रामाणिक असतील आणि ते व्हायलाच हवेत. आपण सामान्य माणसांनी दोनच प्रश्न विचारावेत. किती कार्बन खाली गेला, आणि किती वर्षे खाली राहणार? नुसते पाणी हिरवे झाल्याचे छायाचित्र दाखवले तर समाधान मानू नये.

हे सगळे मी दादाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे माती काही जायची नाही. ठीक आहे. पण तू हसला होतास ते चूक होतं.” ते चूकच होते. प्रश्न त्याचा बरोबर होता, जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तोच विचारला होता. त्याच्या कामाचा प्रश्न मात्र समुद्र सोडवणार नाही, तो आपल्यालाच, इथे जमिनीवर सोडवावा लागेल. मंडळातल्या अनेक घरांत तो अजून तसाच आहे, हे कार्यकारिणीने लक्षात ठेवावे एवढी विनंती करतो.

मुलांनो, पुढच्या वेळी सड्यावर जाल तेव्हा ती संशोधन केंद्राची इमारत नीट बघा. आतल्या बर्फात जुन्या काळची हवा आहे. तुमच्यापैकी कोणी तिथे काम करू लागले तर याच मंचावर येऊन माझ्या चुका दुरुस्त करा. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकेन.

चिटणीस घड्याळ दाखवत आहेत.  गणपती बाप्पा मोरया!